तुटक्या बाओबाबजवळचे ठिपके

एलिफुराहा मुशीचं स्वतःचं मत असं, की अख्ख्या अरुशा शहरात जनावर दाखवावं तर त्यानेच! बाकीचे ड्रायव्हर नुसती गाडी हाकतात. हा मात्र गवताची काडी हलली की खाली ससा आहे की साळिंदर, हे हातातल्या चहाचा थेंब न सांडता सांगणार. सफारीला येणारे गोरे पाहुणे त्याच्यावर इतके खूश, की घरी परतल्यावर फोन करून त्याची खुशाली विचारत, आणि मग हळूच सिंहाचीही विचारत.

आणि या एवढ्या नामांकित माणसाच्या स्वतःच्या तीन पोरांनी सिंह पाहिला होता तो फक्त पिठाच्या पिशवीवर!

ही गोष्ट फुटली शाळेत. थोरली सिफा आठ वर्षांची. बाईंनी वर्गात विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" सिफा ताठ उभी राहून म्हणाली, "माझे बाबा परक्या लोकांबरोबर तंबूत झोपायला जातात."

बाईंनी ते सिफाच्या आईला सांगितलं. आईने, म्हणजे आयकांडेने, शिवणयंत्रावरून मान वर न करता ते नवऱ्याच्या कानावर घातलं.

"सगळ्या जगाला हत्ती दाखवता. घरात मात्र पोरं मला विचारतात, आई, हत्ती अंडी घालतो का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाबा आले की विचारा. बाबा काही आले नाहीत!"

हे मात्र एलिफुराहाच्या फार जिव्हारी लागलं. योगायोगाने त्याच आठवड्यात सफारी कंपनीच्या मालकांची जुनी लँडक्रूझर गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली. नाताळच्या पाहुण्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत ती दिवसभर चालवून बघायची होती. एलिफुराहाने डोकं खाजवत विचारलं, "तारांगिरेच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन बघू? घरची मंडळी घेऊन?"

मालक म्हणाले, "ने की. गाडीला काही होऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

पोरांना काही होऊ देऊ नकोस, असं ते म्हणाले नाहीत. मालक गाडीचे होते, पोरांचे नव्हते.

"तीन पोरं म्हणजे किस झाडकी पत्ती!" रात्री जेवताना एलिफुराहा आयकांडेला म्हणाला. "अगं, एकमेकांशी अबोला धरलेलं जोडपं मी आठवडाभर फिरवलंय! झेब्र्याने आपल्याकडे बघितलं नाही म्हणून रडणारी बाई सांभाळलीय! तू फक्त मागे बसायचं, चपात्या द्यायच्या आणि माझी कमाल बघायची."

"बघू या," आयकांडे म्हणाली. बायको 'बघू या' म्हणाली, की शहाण्या माणसाने तिथेच बेत बदलावा. पण एलिफुराहा त्या वेळी टोपीला ब्रश मारत होता.

सकाळी निघताना पहिली गफलत झाली. आयकांडेने पोरांना चांगले कपडे म्हणून शाळेचे गडद निळे स्वेटर घातले. गडद निळा रंग त्सेत्से माशीला इतका प्रिय, की तिच्या लग्नात आहेर द्यायचा झाला तर तोच द्यावा! पाहुण्यांना हे एलिफुराहा पहिल्याच दिवशी दरडावून सांगायचा. पण स्वतःच्या पोरांकडे त्याने निळं-हिरवं बघितलंच नाही. तो आरशात टोपी बघत होता.

गाडीत पुढे एलिफुराहा. मागे आयकांडे, सिफा आणि पाच वर्षांचा गॉडलिसन. देव ऐकतो म्हणून हौसेने ठेवलेलं नाव! देव ऐकत असेलही, पण गॉडलिसन स्वतः कुणाचंच ऐकत नसे. धाकटी साडेतीन वर्षांची वेमा मात्र मागे बसेना. तिला बाबांच्या शेजारीच हवं होतं. शेवटी पुढच्या दोन सीटांमधल्या पेटीवर उशी ठेवून तिची स्थापना केली. समोरच रेडिओ होता, आणि त्याचा गुंडाळलेल्या तारेचा माइक.

"हा फोन कुणाचा?" वेमाने विचारलं.

"तो फोन नाही बाळ. त्यावर आम्ही ड्रायव्हर लोक बोलतो. कुणाला कुठे काय दिसलं ते एकमेकांना सांगतो."

"आणि खुणेच्या भाषेत सांगतात!" सिफाला हे ऐकून ठाऊक होतं. "सिंहाला मिशा म्हणायचं, हत्तीला कान, आणि बिबट्याला ठिपके. हो ना बाबा?"

"हो. नाहीतर पाहुण्यांना कळतं, आणि बिबट्या निसटला की आमच्यावर चिडतात."

वेमाने माइक उचलून कानाला लावला. "आजी, मी गाडीत आहे. तू जेवलीस का?"

"वेमा, ठेव ते."

वेमाने ठेवलं. आपली वस्तू कुणी घेऊ नये म्हणून शहाणी पोर जिथे ठेवते, तिथेच ठेवलं. स्वतःच्या बुडाखाली!

पुढचा अर्धा दिवस काय झालं, ते थोडक्यात सांगतो. रस्त्याकडेच्या बकऱ्या बघून पोरं "बाबा, जनावर! जनावर!" म्हणून नाचली. त्या बकऱ्या त्यांच्या गल्लीतही होत्या. फाटकातून आत गेल्यावर मात्र जनावरांनी संप केला. आठवड्यापूर्वीच्या पावसाने गवत माणसाच्या छातीएवढं वाढलेलं. त्यात सिंह काय, ट्रकसुद्धा दिसला नसता! त्सेत्से माश्यांनी तेवढं आनंदाने स्वागत केलं. तीन निळे स्वेटर बघून त्या नातेवाइकांनाही बोलावून आल्या. पोरं ओरडायला लागली, आयकांडे टॉवेलने मारायला लागली, आणि तिने मारलेली प्रत्येक माशी नेमकी एलिफुराहाच्या मानेवर बसलेली असे.

"अगं, मला का मारतेस!"

"माशी होती."

"आत्ता तर नव्हती!"

"आत्ता येणार होती."

शेवटी स्वेटर काढून सीटखाली कोंबले, तेव्हा कुठे माश्या हटल्या.

मग एका वळणावर खरोखरीचा सिंह सापडला! बाभळीच्या सावलीत पोट वर करून पसरला होता. एलिफुराहाने इंजीन बंद केलं आणि पाहुण्यांपुढे काढायचा तो खास आवाज काढला. "हा बघा, रानाचा राजा!"

गॉडलिसनने बराच वेळ बघितलं. "मेलाय का?"

"झोपलाय रे."

"मग बाबांसारखाच," गॉडलिसन म्हणाला. "बाबापण रविवारी असेच पडतात."

"आणि चर्चमध्ये घोरतात," आयकांडेने भर घातली. "परवा पाद्रीबाबा प्रार्थना मध्येच थांबवून बघायला लागले, की आवाज कुठून येतोय."

"ते मी डोळे मिटून ध्यान करत होतो!"

"आणि पाल दिसली की टेबलावर चढता, तेही ध्यानच का? हत्तीसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, आणि स्वयंपाकघरात पाल निघाली की मला हाक मारतो, सिफाची आई, झाडू आण!"

पोरं खो खो हसली. सिंहाने एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. पोरांचं लक्ष मग रस्त्यावरच्या शेणकिड्याकडे गेलं. तो हत्तीच्या शेणाचा गोळा करून ढकलत होता आणि गोळा परत परत घरंगळत होता. पोरं खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत त्याला "ढकल! ढकल!" म्हणून जोर देत राहिली. सिंह तिथेच होता, फुकट! एलिफुराहाचा जीव तीळतीळ तुटत होता.

दुपारी जेवायच्या जागेवर थांबले. मोठ्या झाडाखाली बाकं होती. आयकांडेने पिलावाचा डबा उघडला, झाकण बाकावर ठेवलं आणि पाणी घ्यायला वळली. ती परत वळेपर्यंत डब्याभोवती चार माकडं बसलेली! एकाने चपात्यांची चवडच्या चवड काखेत मारली. एक बाई, म्हणजे माकडीणच, पोटाला पिल्लू लावून उकडलेलं अंडं सोलत होती, आणि ती इतक्या नीटनेटकेपणाने सोलत होती, की आयकांडेला तिला हाकलावंसं वाटेना.

"सिफाचे बाबा! तुम्ही तर माकडांचे प्रोफेसर ना!"

प्रोफेसर टोपी फेकून मारत होता. माकडांनी टोपीही नेली.

उरले ते आल्याच्या सोड्याचे दोन कॅन आणि चार केळी, आणि गाडीत बसलेली, भुकेने चिडचिडी झालेली तीन पोरं. एलिफुराहाच्या अब्रूचा पार भुगा झाला होता. पण हरेल तो एलिफुराहा कसला!

"हे काहीच नाही," स्टिअरिंगवर हात आपटत तो म्हणाला. "आता तुम्हाला ठिपकेच दाखवतो! या रानात बिबट्या सापडतो तो एकट्या मला! तो लायझर ड्रायव्हर आहे ना, तो पाहुण्यांना बसवून स्वतः झोपा काढतो. ती हावा, तिला तर प्रत्येक तपकिरी पक्षी गरुड दिसतो! चिमणीला गरुड म्हणून विकते बाई! बघा, आज दिवसभर रेडिओवर चिटपाखरू बोललेलं नाही. कारण काय? कुणाला काही सापडतच नाही!"

रेडिओ खरंच गप्प होता. बिचारा कसा बोलणार! एका गाडीतून कुणी बटण दाबून धरलं, की त्या गाडीला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. बाकीच्या सगळ्यांना मात्र तिचंच ऐकू येतं!

एलिफुराहाने गाडी मोठा रस्ता सोडून दलदलीकडच्या वाटेला घातली.

"रस्ता ओला दिसतोय," आयकांडे म्हणाली.

"हा रस्ता मला लहानपणापासून ओळखतो. तुटक्या बाओबाबच्या झाडाजवळ, नाल्याच्या वळणावर बिबट्याची जागा आहे. डोळे बांधून नेईन!"

तुटक्या बाओबाबपर्यंत तो डोळे उघडे ठेवूनच गेला. तरी गाडी काळ्या मातीत अशी बसली, जशी म्हैस डबक्यात बसते. नुसती बसली नाही, सुखावली! एलिफुराहाने गिअर टाकला, चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि चिखलाचा असा फवारा उडाला, की उघड्या खिडक्यांतून आत आला आणि सगळ्यांच्या तोंडावर, दातांवर, पापण्यांवर बसला.

 मग पोरं एकमेकांकडे बघून किंचाळली.

"ठिपके!" सिफा ओरडली. "बाबा, ठिपके! गॉडलिसनला बघा!"

"ठिपके! ठिपके!" वेमा टाळ्या पिटत उशीवर उड्या मारायला लागली. "मोठ्ठे ठिपके! खूप खूप!"

"तुटक्या बाओबाबजवळ ठिपके!" गॉडलिसनने सगळ्यांच्या वरताण आवाज काढला.

उड्यांनी बटण दर वेळी सुटत होतं, पुन्हा दाबलं जात होतं. तुकड्यातुकड्याने का होईना, खबर पार उद्यानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली. आणि या रानात बिबट्या दिसणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल, पण तिथल्या ड्रायव्हरांना माहीत होतं. तिकडे गाड्या वळल्या, धूळ उठली, पाहुण्यांच्या हातातली बिस्किटं उडाली!

इकडे एलिफुराहा एकदा पुढचा गिअर टाकी, एकदा मागचा. गाडी दर वेळी वीतभर आणखी खाली जाई.

"रेडिओवर कुणाला तरी बोलवा," आयकांडे म्हणाली.

"मी? मी लोकांना चिखलातून काढतो! मी बोलावलं तर ईस्टरपर्यंत हसतील."

"हसू देत. पोरं उपाशी आहेत."

"थोडा वेळ थांब. माती सुकेल."

"कुठल्या वर्षी?"

तेवढ्यात नाल्यापलीकडचं गवत हललं. वारा नव्हता. एलिफुराहाला गवताची भाषा खरंच कळत होती, त्याची फुशारकी काही अगदीच खोटी नव्हती. 

"सगळे खाली. सीटच्या खाली. आवाज नको. कुणीच नाही."

गवतातून हत्ती आले. आधी एक मोठी मादी, मग तिच्यामागे आणखी दोघीतिघी, आणि त्यांच्या पायांमधून लुटुलुटु चालणारं, सोंडेचं काय करायचं हे अजून न कळलेलं पिल्लू. पिल्लाबरोबरची आई म्हणजे काय, हे एलिफुराहा रोज पाहुण्यांना हसत हसत सांगायचा. गाडी चालू असायची, मागे मोकळा रस्ता असायचा. आज गाडी पोटापर्यंत रुतलेली, आणि मागच्या सीटखाली त्याची स्वतःची पोरं. 

मोठी मादी थेट गाडीशी आली. खिडकीतून तिचा डोळा दिसत होता, पापणीचे लांब केस दिसत होते. तिने कान पसरले. आयकांडेने मागून हात पुढे करून नवऱ्याचा खांदा घट्ट धरला. त्याने वेमाला उशीवरच छातीशी दाबलं आणि तिच्या केसांत तोंड घालून पुटपुटायला लागला.

"देवा, पोरांना काही होऊ देऊ नकोस. गाडी गेली तरी चालेल. लायझरला मी झोपाळू म्हटलं, ते मागे घेतो. तो चांगला आहे. हावाला पक्षी कळतात. सगळ्यांना सगळं कळतं, देवा, मलाच काही कळत नाही. फक्त एवढ्यांना घरी पोचव."

आता, आयकांडेने पोरांना एक गोष्ट मारूनमुटकून शिकवली होती. वडीलधारं माणूस दिसलं, की लगेच अदबीने 'शिकामू' म्हणायचं. मी तुमच्या पाया पडते, असं. सगळी गल्ली वेमाचं यासाठी कौतुक करायची.

वेमाने बापाच्या दंडाखालून मान बाहेर काढली. समोर ते भलंमोठं, सुरकुतलेलं, वयस्क तोंड बघितलं. आणि स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली, "शिकामू, आजी."

 आयकांडेने डोळे मिटून घेतले.

आजी जागची हलली नाही. तिने सोंड उचलली, खिडकीच्या कडेचा वास घेतला, आणि तिच्या नाकातून असा एक उसासा निघाला, की वेमाच्या कपाळावरचे केस उडाले. मग तिने पसरलेले कान मिटले, पिल्लाला सोंडेने हलकेच ढोसलं आणि सगळं कुटुंब घेऊन गाडीला वळसा घालून निघून गेली. जाताना पिल्लाने मागच्या चाकाला एक लाथ मारली. तेवढंच!

 सिफा आणि गॉडलिसन सीटखालून वर आले.

"तिने मराहाबा म्हटलं," वेमाने जाहीर केलं. शिकामूला मोठ्या माणसांनी द्यायचं ते उत्तर.

 ईस्टरपर्यंत हसले तरी हसू देत, असं म्हणून एलिफुराहाने रेडिओकडे हात नेला. माइक जागेवर नव्हता. गुंडाळलेली तार तेवढी उशीखाली जात होती.

"वेमा, ऊठ."

वेमा उठली. माइक सापडला. छान गरम झाला होता.

"हा... हा इथे कधीपासून आहे?"

"सकाळपासून," गॉडलिसन म्हणाला. "ती आजीशी फोनवर बोलतेय ना."

एलिफुराहाच्या डोळ्यांपुढून सगळा दिवस सरकला. पाल. टेबल. झाडू. चर्चमधलं ध्यान. लायझर. हावाची चिमणी! चिखलाखालच्या चेहऱ्यावर घाम फुटून ठिपक्यांचे ओघळ झाले.

आणि इतका वेळ दाबलेलं बटण सुटलं होतं, म्हणून रेडिओतून पहिला आवाज आला. हळू, जाड, दमदार आवाज. लायझरचा.

"मुशी, घाबरू नकोस. मागे बघ. आम्ही इथंच आहोत."

त्याने मागे बघितलं. वळणावर, झाडांच्या सावलीत, एकामागे एक गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांची इंजिनं बंद. सगळी छपरं वर, सगळ्या छपरांतून पाहुण्यांची डोकी बाहेर. ते बिबट्यासाठी धावत आले होते. मग रेडिओवर ती पुटपुट ऐकली, पुढे हत्ती बघितले, आणि ड्रायव्हरांनी आपापल्या पाहुण्यांना तोंडावर बोट ठेवून बसवलं. एखादं इंजीन गुरगुरलं असतं, तर आजीबाई बिथरल्या असत्या. म्हणून कुणी चावीला हातसुद्धा लावला नव्हता.

लायझर आधी आला. ताडमाड मासाई, लाल-काळी चादर खांद्यावर, पायात टायरच्या चपला. त्याने दोर काढला, गाडीच्या खाली वाकला आणि बांधता बांधता तोंड भरून एक लांबलचक जांभई दिली. अगदी सावकाश, एलिफुराहाला नीट दिसेल अशी!

मग हावा आली. कमरेवर हात ठेवून तिने आभाळात बघितलं. एक चिमणी चालली होती. "पोरांनो, तो बघा गरुड!" ती म्हणाली. "हो ना, मुशीसाहेब?"

"हावाताई, लाजवू नकोस."

"लाजवत नाही हो. खात्री करून घेतेय. आणि वहिनी, तो झाडू जवळ ठेवा बरं. रानात पाली फार."

आयकांडे चिखलाच्या तोंडाने इतकी हसली, की तिला गाडीला धरून उभं राहावं लागलं.

एका गोऱ्या आजीबाईंनी छपरातून विचारलं, बिबट्या कुठे आहे? हावाने पोरांकडे बोट दाखवलं. "तेच ते ठिपकेवाले! फार दुर्मीळ. आई, बाप आणि तीन पिल्लं एकत्र दिसणं म्हणजे नशीबच!" कॅमेरे कडाकड वाजायला लागले. जन्मभर लोकांना जनावरं दाखवणारा एलिफुराहा मुशी चिखलात उभा राहून स्वतःचे फोटो काढून घेत होता. आजीबाईंनी आपला जेवणाचा डबा पोरांना दिला, मग बाकीच्यांनीही दिले. पोरं सँडविच, कोंबडी आणि केक यांच्यात बुडून गेली. गॉडलिसनने दोन्ही गालांत केक कोंबून लायझरला अदबीने शिकामू म्हटलं. ते शब्द होते की केक, हे कळलं नाही, पण लायझरने मराहाबा म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दोर ताणला. "ओढाऽऽऽ!" सगळे ड्रायव्हर मागून खांदे लावून उभे राहिले. एलिफुराहाने ज्यांना ज्यांना आजवर नावं ठेवली होती, ते सगळेच्या सगळे! गाडी कुरकुरली, चिखलाने एक मोठा मुका घेतला आणि ती बाहेर आली. कुणी हिशोब मागितला नाही, कुणी उपदेश केला नाही. अंधार पडायच्या आत फाटक गाठायचं होतं, म्हणून सगळे आपापल्या गाडीत बसले. लायझर म्हणाला, "मी पुढे जातो, तू माझ्या चाकोरीतून ये."

ऊन उतरायला लागलं होतं. मागे पोरं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली, आयकांडेनेही डोळे मिटले. वेमाची मान बापाच्या दंडावर कलली होती. पुढे लायझरच्या गाडीचे लाल दिवे, मागे हावाच्या गाडीचे पिवळे. त्या दोहोंच्या मधे आपलं सगळं घर सुखरूप चाललंय, हे एलिफुराहाने डोळे भरून बघितलं. त्याने माइक उचलला. या खेपेला स्वतः, समजून उमजून!

"भावांनो," तो म्हणाला, "मी मुशी बोलतोय. आज माझ्या तोंडून तुम्ही काय काय ऐकलंत, ते विसरा असं म्हणणार नाही. पण हेही ऐका. लायझरभाऊ, सिफाच्या जन्माच्या वेळी माझे पाहुणे तू फिरवलेस, म्हणून मी पोरीला पहिल्याच दिवशी हातात घेऊ शकलो. हावाताई, मला मलेरिया झाला तेव्हा तू माझ्या घरी तुझ्या शेतातली केळी आणून दिलीस. मला सगळं आठवतंय. मी आपला लोकांना सांगत सुटलो, की या रानात माझ्यासारखा कुणी नाही. खरं म्हणजे या रानात मी एकटा कधी नव्हतोच. आज माझी पोरं तुमच्यामुळे घरी चालली आहेत. देव तुमच्या पोरांनाही असंच पोचवो..."

आणि बरंच काही. आयुष्यात तो इतकं चांगलं कधी बोलला नव्हता. पाहुण्यांपुढेही नाही. बोलून झाल्यावर त्याने बाहीने डोळे पुसले. रेडिओवर कुणीच काही बोललं नाही. भरून आलं असणार सगळ्यांना, त्याला वाटलं. रांगडी माणसं, अशा वेळी शब्द फुटत नाहीत.

फाटकाशी गाड्या थांबल्या. लायझर उतरून खिडकीशी आला.

"तुझी एरियल कुठंय?"

"कसली एरियल?"

"रेडिओची रे. छपरावरची. ती नाही, म्हणून मघापासून हावा तुला हाका मारतेय आणि तुला पत्ता नाही. आम्हाला वाटलं, लाजून गप्प बसलास."

मागच्या सीटवर गॉडलिसन जागा झाला. त्याने सीटखालून चिखलाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक लांब तार काढली. "केक खाऊन झाल्यावर छपरावर चढून चिखलाचा स्वेटर हिच्यावर वाळत घातला, तर तुटली," तो म्हणाला. "पण मी जपून ठेवलीय!"

लायझरने तार बघितली, मग एलिफुराहाकडे बघितलं. "तू काही बोलत होतास का?"

"छे! मी कशाला! रस्त्याकडे बघत होतो."

"बोलत होते," आयकांडे डोळे न उघडता म्हणाली. "कितीतरी वेळ. मला तर रडू आलं. आता उतरा आणि बोला परत."

एलिफुराहा उतरला. हावाही गाडीतून उतरून आली. दोघं समोर उभे राहिले. मघाचं भाषण त्याने डोक्यात चाचपून बघितलं. एक शब्द सापडेना. तो नुसता चपलेने माती उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "असांते."

म्हणजे, आभारी आहे.

"एवढंच?" हावाने विचारलं.

"एवढंच."

लायझरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. एलिफुराहाला पुन्हा भरून येणार, एवढ्यात लायझर घसा खाकरून म्हणाला, "बरं झालं थोडक्यात आटपलंस. माझे पाहुणे केव्हाचे संडासासाठी खोळंबलेत."

आणि लँडक्रूझरमधून तीन आवाज एकदम आले, "बाबा, आम्हालापण!"